विकतचा घाम

आमच्या चांदनीत घाम फुकट मिळतो. चैत्र सरला की सकाळी नऊलाच पदर कपाळाला लागतो, तो मृगाचा पाऊस येईपर्यंत खाली येत नाही. नेपानगरच्या कागदाच्या गिरणीशेजारचं हे गाव. इकडे सातपुडा, तिकडे तापीचं खोरं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, आणि दुपारी गॅसपुढे पोळ्या लाटणाऱ्या बाईपाशी तो किती असतो ते कुणी मोजायला येत नाही. म्हणून जळगावहून माझ्या थोरल्या नणंदेचा, अक्कांचा, फोन आला आणि त्या म्हणाल्या, "वहिनी, मी हल्ली घाम काढायला जाते, एका वेळचे सहाशे रुपये घेतात," तेव्हा मला आधी हसूच आलं.

पण अक्का उधळ्या नाहीत. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडीसुद्धा मागून घेणारी बाई. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे धरले होते. स्थानकात सामायिकाला खाली बसता येईना, खुर्ची घ्यावी लागे, आणि त्या खुर्चीचं त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त दुःख होतं. "त्या पेटीत बसून आले ना, की दोन-तीन तास गुडघा जागेवर आल्यासारखा वाटतो गं," त्या म्हणाल्या. मग मी हसायचं थांबवलं आणि ऐकायला लागले.

आता या इन्फ्रारेड सॉनाचं नाव आपल्या बायकांच्या तोंडी सगळीकडे ऐकू येतं. लग्नाच्या मांडवात, महिला मंडळात, हळदीकुंकवाला. कुणी म्हणतं वजन उतरतं, कुणी म्हणतं अंगातलं विष निघून जातं, कुणाच्या सुनेची कातडी उजळली. मी कला शाखेची पदवीधर, विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकनंतर सुटला. पण घरातली दुखणी सांभाळायची ती आपणच ना? तेव्हा डॉक्टरांना विचारून, मिळेल ते वाचून, मी हे प्रकरण समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं, कारण आपल्या बायकांसाठी त्यात एक वेगळाच धोका आहे आणि तो पेटी विकणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही.

आधी ही पेटी म्हणजे काय ते बघू. लाकडाची खोलीएवढी कपाटं असतात, बसायला फळी आणि भिंतीत तापणारे पत्रे. फिनलंडमधल्या जुन्या सॉनात दगड तापवतात, त्यावर पाणी शिंपडतात, हवा ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत नेतात आणि त्या हवेनं माणूस तापतो. इन्फ्रारेड पेटीत हवा पंचेचाळीस ते साठ अंशांच्या आसपासच असते. म्हणजे सुरुवात आमच्या अंगणातल्या वैशाखाइतकीच! फरक इतकाच की तिथं ऊब हवेतून कमी आणि पत्र्यातून निघणाऱ्या किरणांतून जास्त येते. शाळेच्या पुस्तकात त्यांना अवरक्त किरण म्हणत. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञानं 1800 साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं थर्मामीटर ठेवला. तो पारा चढला. तेच हे किरण.

त्यात भ्यायचं काही नाही. चुलीतल्या निखाऱ्यांपुढे बसल्यावर तोंडाला जी धग लागते, दिवसभर उन्हात तापलेली भिंत रात्री जी ऊब सोडते, ती हीच. आपलं अंगसुद्धा हे किरण सोडत असतं. क्ष-किरणांशी यांचा काही संबंध नाही. पण "किरण हाडापर्यंत जाऊन काम करतात" असं जे सांगतात, तेही खरं नव्हे. या पेट्यांतले दूरचे अवरक्त किरण कातडीच्या वरच्या थरातच शोषले जातात, मिलिमीटरभरसुद्धा आत जात नाहीत. पुढची ऊब रक्त वाहून नेतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय भराभर चालतं, रक्तदाब थोडा उतरतो, घाम सुटतो. आखडलेले स्नायू सैल पडतात. अक्कांच्या गुडघ्याला बरं वाटलं ते यामुळे.

शेक घेणं आपल्याला नवं नाही. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कंबरेला लावणं, तीळतेल चोळून अंघोळीला बसणं, एरंडाचं पान गरम करून सांध्याला बांधणं, हे आपण आजीपासून बघत आलो. जळगाव जिल्ह्यात अडावदजवळ उनपदेवला सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे. अंग दुखणारी माणसं तिथं स्नानाला जातात. आणि आमच्या बुऱ्हाणपुरात तर तापीच्या काठी, शाही किल्ल्यात, मोगलांचा हमाम अजून उभा आहे. छतावर रंगीत वेलबुट्टी, मध्ये हौद. हमामात पाण्याची चैन असे. या शहराला सातपुड्याच्या पोटातलं पाणी भुयारातून आणून देणारा कुंडी भंडारा 1615 साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, बांधला गेला. पाहुणे आले की मी त्यांना दोन्ही ठिकाणं दाखवते.

हमाम दाखवताना मुमताजमहलचं नाव निघतंच. इथलं तिचं स्नानगृह असं सांगतात. ती याच बुऱ्हाणपुरात 1631 च्या जूनमध्ये गेली, चौदाव्या बाळंतपणात. तिला आधी नदीपलीकडे जैनाबादेत पुरलं, ताजमहाल नंतरचा. मला तिथं उभं राहिलं की नेहमी वाटतं, हिंदुस्थानातलं उत्तमातलं उत्तम स्नानघर या बाईला होतं. त्यानं तिला सुख दिलं असेल, शीण घालवला असेल. पण जीव वाचवायची वेळ आली तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. सुख देणारी गोष्ट आणि बरं करणारी गोष्ट यांत अंतर आहे, आणि पेटीवाले हे अंतर पुसून टाकतात.

मग बरं करणारं त्यात किती? नेदरलँडमध्ये संधिवाताच्या आणि पाठीचा कणा आखडणाऱ्या आजाराच्या चौतीस रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा अशा पेटीत बसवून पाहिलं. हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. आत बसलेलं असताना दुखणं आणि आखडलेपण चांगलंच कमी झालं, आजार बळावला नाही. पण तो आराम पुढे पक्का टिकून राहिला असं काही दिसलं नाही. अक्कांचे "दोन-तीन तास" आणि हा अभ्यास एकच गोष्ट सांगतात.

जपानात कागोशिमा विद्यापीठातल्या चुवा तेई या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदय अशक्त झालेल्या रुग्णांसाठी 'वाओन' नावाची पद्धत काढली. साठ अंशांच्या कोरड्या खोलीत पंधरा मिनिटं, मग बाहेर पांघरुणात गुंडाळून अर्धा तास पडून राहायचं. त्यातून रुग्णांना बरं वाटल्याचे अहवाल आहेत. फिनलंडमधून 2015 साली एक मोठा अभ्यास आला. 2,315 मध्यमवयीन माणसांवर सुमारे वीस वर्षं नजर ठेवली होती. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. जाहिरातीत हाच अभ्यास मिरवतात. पण तो ऐंशी अंशांच्या जुन्या सॉनाचा होता, या पेटीचा नव्हे. आणि ते 2,315 सगळे पुरुष होते. शिवाय ज्याला आठवड्यातून चारदा सॉनात बसायला सवड आणि ताकद आहे, तो मुळातच थोडा बरा असणार, हेही खरंच.

विष निघून जातं म्हणतात, त्याचं काय? घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. अंगातला केर बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि त्या दोघांनाही पाणीच लागतं. वजनाचंही तसंच. एका बैठकीत अर्धा लिटर घाम गेला तर काट्यावर अर्धा किलो कमी दिसणार, आणि दोन पेले पाणी प्यायलात की ते परत येणार. चालण्याची जागाही ही पेटी घेऊ शकत नाही. हृदय धावलं तरी हाडांवर भार पडत नाही, मांडीचे स्नायू मजबूत होत नाहीत. आपल्या वयात हाडं ठिसूळ होतात तेव्हा गुडघ्याला खरा आधार त्या स्नायूंचाच असतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

मागच्या डिसेंबरात अक्का संध्याकाळी गेल्या. दुपारी सून नोकरीवरून यायची होती, सकाळी त्यांचं सामायिक, म्हणून मिळाली ती वेळ पाचची. चाळीस मिनिटं बसल्या. बाहेर आल्या तेव्हा सूर्य मावळायला दहा मिनिटं राहिली होती. अक्कांचा चौविहार तीस वर्षांचा, एक दिवस मोडलेला नाही. त्यांनी घाईघाईनं अर्धा पेला पाणी प्यायलं, पच्चक्खाण घेतलं आणि रिक्षात बसल्या. रात्री पोटऱ्यांत गोळे आले. पहाटे चारला लघवीला उठल्या आणि बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं.

डॉक्टरांनी प्लास्टर घालता घालता तीन प्रश्न विचारले. बीपीची गोळी कोणती? लघवी जास्त होणारी. घाम किती गेला? पुष्कळ. पाणी किती प्यायलं? यावर अक्का गप्प. त्या सॉनाच्या जागी त्यांना फॉर्म भरायला दिला होता. त्यात बीपी, साखर, हृदयाचं ऑपरेशन सगळं विचारलं होतं. "तुम्ही रात्री पाणी पिता का?" हा प्रश्न मात्र कुठं नव्हता. असणार तरी कसा?

आपल्या घरातल्या बाईचं गणित वेगळं आहे, मैत्रिणींनो. डिसेंबरात इकडे सूर्य सहाच्या आधी मावळतो आणि सातला उगवतो. त्यावर नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे जवळजवळ चौदा तास थेंब नाही. मे महिन्यात हेच साडेअकरा तास. एरवी शरीर हे निभावून नेतं, पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. पण त्या कोरड्या रात्रीच्या तोंडावर अर्धा लिटर पाणी स्वतःहून सांडून द्यायचं, वर रक्तवाहिन्या रुंदावून रक्तदाब उतरवायचा, त्यात लघवीची गोळी. मग पहाटे अंथरुणातून झटकन उठलं की मेंदूला रक्त कमी पडतं आणि बाई कोसळते. यात गूढ काही नाही.

त्या जपानी पद्धतीची एक गोष्ट मला वाचताना फार महत्त्वाची वाटली. तिथं आत जायच्या आधी आणि बाहेर आल्यावर रुग्णाचं वजन करतात, आणि जेवढं वजन घटलं तेवढं पाणी प्यायला देतात. पाणी हा त्या उपचाराचाच भाग आहे. ज्या वेळी पाणी पिता येणार नाही, त्या वेळी ती बैठक अर्धवट उपचार आहे, आणि उरलेला अर्धा भाग धोक्याचा.

मंडळात मी हे बोलले तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, "मग काय व्रत सोडायचं?" नाही हो. व्रत ठेवा, वेळ बदला. नवकारसी पाळून, पोटभर पाणी पिऊन, थोडं खाऊन, सकाळी दहाला जा. परत आल्यावर लिंबू-मिठाचं पाणी किंवा ताक घ्या. संध्याकाळपर्यंत आठ तास हातात असतात, गेलेलं पाणी भरून निघतं. दुसऱ्या एक जण म्हणाल्या, घाम गाळणं हेही एक तपच. आता उन्हात उभं राहून आतापना घेणाऱ्या मुनींचं तप ते तप. गादीवर बसून, गाणी ऐकत, सहाशे रुपयांत घेतलेली चाळीस मिनिटं म्हणजे आराम. आराम घेण्यात पाप नाही, पण त्याला तप म्हणू नये, नाहीतर चक्कर आली तरी बाई उठायची नाही.

उपवासाच्या दिवशी तर पेटीचं नावच काढू नका. पर्युषणात आठ-आठ दिवस केवळ उकळलेल्या पाण्यावर असलेल्या बाईनं "अंग जड झालंय, जरा घाम काढते" म्हणून तिथं जाऊ नये. आयंबिलाच्या ओळीतही नको, तेव्हा जेवण एकदाच असतं आणि त्यातून मीठही बऱ्याच जणी वगळतात. पारण्यानंतर चांगले दहा-बारा दिवस जाऊ द्यावेत, अंग पुन्हा भरू द्यावं.

आणखीही काही जणींनी दूर राहावं. दिवस गेलेले असतील तर अजिबात नको, विशेषतः पहिले तीन महिने. अंगाचं तापमान फार चढलं तर बाळाच्या मेंदू-कण्याच्या घडणीला धोका असतो. म्हणून घरात नवी सून असेल तर पाळी चुकल्याचं तिलाच पक्कं कळेपर्यंत तिला बरोबर नेऊ नका. मधुमेहानं तळपाय बधिर झालेल्या बाईला चटका बसलेला कळत नाही. हाच धोका आपल्या तव्यावरच्या पुरचुंडीलाही आहे, तेव्हा अशा बाईसाठी शेक दुसऱ्या कुणीतरी आपल्या मनगटाला लावून बघून मगच द्यावा. ताप असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखत असेल, झोपेची गोळी घेतली असेल, तर नको. पाळी जाताना ज्यांच्या अंगातून वाफा निघतात त्यांना उष्णतेनं त्या वाढू शकतात. गालावर वांग असेल तर धगीनं तो गडद होतो, कातडी उजळायची गोष्ट दूरच. मंगळसूत्र, बांगड्या काढून आत जावं, धातू तापून चटका देतो. आणि पहिल्यांदा पंधरा मिनिटं पुरे. कोण जास्त वेळ बसतं याची चढाओढ नको. फिनलंडमध्ये अशी जागतिक स्पर्धाच भरत असे. 2010 साली अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला आणि ती स्पर्धा कायमची बंद झाली.

जुन्याचंही सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवत, ओवा आणि बाळंतशोपांची धुरी देत, आणि वारा लागू नये म्हणून दारंखिडक्या गच्च लावत. ऊब हवीच होती, पण बंद खोलीतल्या कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि माणूस झोपेतच जातो. खिडकी उघडी ठेवणारी एखादी शहाणी आजी त्या काळातही असे. पेटीलाही तशीच उघडी खिडकी लागते. इथं ती म्हणजे पाण्याचा पेला आणि बाहेर बसलेलं ओळखीचं माणूस.

अक्कांचं मनगट सहा आठवड्यांनी सुटलं. मला वाटलं होतं त्या आता तिकडे पाऊल टाकणार नाहीत. पण मार्चमध्ये त्या परत जायला लागल्या, आठवड्यातून एकदा, सकाळी, वीस मिनिटं, डॉक्टरांना विचारून. बरोबर स्टीलच्या बाटलीत गाळून उकळलेलं पाणी. मी विचारलं, "अक्का, घरी मिठाची पुरचुंडी आहे, सकाळचं ऊन आहे, कशाला पैसे घालवता?" तर म्हणाल्या, "पुरचुंडी मलाच गरम करावी लागते गं. आणि ती लावून बसले की पाच मिनिटांत कुणीतरी हाक मारतंच, टॉवेल कुठाय, चहा टाकला का. तिथं दार लावलं की वीस मिनिटं मला कुणी हाक मारत नाही."

यावर मी काय बोलणार! त्यांच्या आरामात किरणांचा वाटा किती आणि त्या लावलेल्या दाराचा किती, हे कुठल्याही अभ्यासात मोजलेलं माझ्या वाचनात आलं नाही. मी त्यांच्या सुनेला फोन केला आणि सांगितलं, बुधवारी दुपारी अक्कांना पुरचुंडी तू गरम करून दे, आणि अर्धा तास त्यांच्या खोलीचं दार लावून घे. ती म्हणाली, "काकू, बुधवारी मला सुट्टी नसते, रविवारी देते." आता दर रविवारी देते. अक्का महिन्यातून चारदा जायच्या त्या आता दोनदा जातात, आणि परवा सामायिकाला खुर्ची न घेता चटईवर बसल्या, भिंतीला टेकून.